‘भाऊ, रेस दे ना!’

मला गाड्या बघायचा नाद आहे. चालवायचा नव्हे, घ्यायचा तर नव्हेच नव्हे, फक्त बघायचा. रविवारी सकाळी सव्वासहाला, ज्या वेळी शहाणा माणूस कूस बदलून पुन्हा झोपतो, त्या वेळी मी कोरेगाव पार्कात नॉर्थ मेन रोडच्या कडेला टपरीवरचा चहा घेऊन उभा असतो. घरी सांगितलेलं असतं की फिरायला जातो. (बूट तेच घालतो, त्यामुळे अगदीच थाप नाही.) माझ्यासारखे आणखी चार-पाच जण असतात. सगळे तिशीच्या आतबाहेरचे, बहुतेक आयटीतले, एक आर्किटेक्ट, एक डेंटिस्ट. आठवडाभर हिंजवडी नाहीतर खराडीत मान मोडून काम करायचं आणि रविवारी पहाटे दुसऱ्याच्या गाडीची वाट बघत उभं राहायचं, असा हा उद्योग.

काय मिळतं यातून? हा प्रश्न मला आईपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. आता पक्षी बघायचा नाद असलेल्यांना हे कोणी विचारत नाही. भिगवणला फ्लेमिंगो बघायला पहाटे तीनला निघालेला माणूस निसर्गप्रेमी, आणि मी रिकामटेकडा! वास्तविक प्रकार तोच. लांबून नुसते दिवे दिसले की ओळखायचं कोण आहे ते. पोर्शे ९११ तर कळतेच, पण ती साधी की जीटी३? मागचा पंख हंसाच्या मानेसारख्या वरून येणाऱ्या दांड्यांनी धरलेला असला की समजायचं, आत ४ लिटरचं, टर्बो नसलेलं, आडव्या सहा सिलिंडरचं इंजिन आहे आणि ते ९००० आरपीएमपर्यंत ओरडतं. माझी गाडी साडेसहा हजारांच्या आसपासच हात टेकते. कुणीतरी कुठेतरी वर्षानुवर्षं बसून त्या इंजिनाचा एकेक ग्रॅम कमी केलाय, हे आपल्यासमोरून जाताना दिसतं. मला त्यात आनंद वाटतो. सुंदर लिहिलेला कोड वाचताना वाटतो तसाच.

मग नंबर प्लेट. एमएच १२ म्हणजे आपलं पुणं, १४ पिंपरी-चिंचवड, ०१ आणि ०२ मुंबईची पाहुणी मंडळी. आणि मग पीवाय, म्हणजे पुद्दुचेरी! ही गाडी पुद्दुचेरीहून नाश्त्याला आलेली नसते, हे सांगायला नको. आपल्याकडे महागड्या गाडीचा एकरकमी टॅक्स लाखांत जातो (त्याची कमाल मर्यादाच २०२५ साली २० लाखांवरून ३० लाख झाली), म्हणून मालक स्वस्तातलं राज्य शोधतो. बारा महिन्यांहून जास्त इथे राहिली तर गाडी इथे नोंदवायला हवी असा कायदा आहे. पण ते बारा महिने मोजायला कोण बसलंय? असो. तो वेगळा लेख होईल.

हे सगळं आधी सांगितलं ते एवढ्यासाठी, की पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कोणी म्हणू नये, ‘याला गाड्यांतलं काय कळतं?’ मला भांडायचंय ते आपल्याच लोकांशी. म्हणजे रस्त्याकडेला मोबाइल घेऊन उभे असतात त्यांच्याशी. त्यात मीही आलो.

माझा जन्म सत्त्याण्णवचा. आमच्या घरात फेरारी हा शब्द आला तो सचिनमुळे. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी त्याने २००२ साली बरोबरी केली आणि त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. तिचं आयात शुल्क माफ करावं की नाही यावरून २००३ मध्ये केवढा गदारोळ झाला, शेवटी ते फियाटने भरलं. मला तेव्हा शुल्कबिल्क काही कळत नव्हतं, पण त्या लाल गाडीचं पेपरातलं चित्र बाबांनी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. स्वतः बाबा तेव्हा बजाज चेतकवर होते.

आम्ही राहायला कोथरूडला. तिथल्या टेकडीवर एआरएआय आहे, १९६६ सालची संस्था, देशातल्या गाड्या तपासून पास करणारी. त्यामुळे पौड रोडच्या आसपास कधीमधी काळ्यापांढऱ्या वेलबुट्टीचे स्टिकर लावून झाकलेली, बाजारात न आलेली गाडी दिसायची. शाळा सुटल्यावर आम्ही पोरं पैज लावायचो, आत कुठली गाडी असेल. दुसऱ्या बाजूला चाकण. मर्सिडीजचा कारखाना तिथे २००९ पासून आहे आणि एस-क्लास तिथेच जुळते. म्हणजे कोरेगाव पार्कात ज्या गाडीकडे आपण तोंड उघडं ठेवून बघतो, ती जुळवणारा माणूस रात्रपाळी संपवून कंपनीच्या बसने किंवा शाइनवर बसून चाकणच्या खड्ड्यांतून घरी जातो. पुणेकराला गाड्या बघायचा नाद लागला तर त्यात नवल काहीच नाही. ते या गावाच्या पाण्यातच आहे.

मग बिघडलं कुठे? तर बघणं संपलं आणि ‘कंटेंट’ सुरू झालं तिथे.

पूर्वी आम्ही गाडी आली की बघायचो. फार तर फोटो काढायचो. संध्याकाळी एकमेकांना दाखवायचो, विषय संपला. मग सगळ्यांच्या हातात व्हिडिओ आला. आता चालत्या गाडीचा नुसता व्हिडिओ म्हणजे अळणी भाजी. त्यात आवाज पाहिजे. सायलेन्सरमधून फटाके पाहिजेत. गाडी उभ्याची सुटली पाहिजे. मग काय, गाडी सिग्नलला दिसली की आम्ही मनगट वळवून खूण करायला लागलो. जगभर या खुणेचा अर्थ एकच आहे: ‘भाऊ, रेस दे ना!’ आणि भाऊ देतात. का नाही देणार? एवढ्या कोटींची वस्तू घेतली ती काय घरात बसून बघायला? समोर पाच-सहा पोरं मोबाइल रोखून उभी आहेत म्हटल्यावर भल्याभल्यांचा उजवा पाय जड होतो.

आता माझी गोष्ट सांगतो. आजवर ती मी कोणाला नीट सांगितलेली नाही.

फेब्रुवारी २०२४. असाच रविवार. पिवळी हुराकान आली. लॅम्बोर्गिनी, ५.२ लिटर, व्ही१०. आमच्यापासून जरा पुढे वेग कमी करून जवळजवळ थांबली, कारण आम्ही दिसलो. मी खूण केली. हो, मीच. बाकीचे फोन सरळ करत होते, माझा आधीच चालू होता. त्याने जागेवर दोनदा रेस दिली, आम्ही ‘ओऽऽ’ केलं. मग मी ओरडलो, ‘जाऊ दे!’ आणि त्याने सोडली.

अशी गाडी शून्यापासून शंभरला तीन सेकंदांत जाते. त्या तीन सेकंदांत ती साधारण ४० मीटर कापते. आणि तिथून ४० मीटरवर, झाडाखाली, रस्त्याच्या कडेला पालापाचोळा गोळा करत असलेल्या झाडूवाल्या मावशी होत्या. त्यांची ढकलगाडी थोडी रस्त्यावर आलेली होती. तो सुटला तेव्हा मावशींनी गाडी मागे ओढली नाही, सोडून दिली आणि स्वतः फुटपाथवर उडी मारली. चुकला. म्हणजे तो किंचित उजवीकडे गेला आणि निघून गेला. ढकलगाडी आडवी झाली, पाला परत रस्त्यावर आला. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

मावशींनी त्या गाडीकडे बघितलं नाही. ती केव्हाच दिसेनाशी झाली होती. त्यांनी आमच्याकडे बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्या नुसत्या बघत राहिल्या आणि मग पाला गोळा करायला लागल्या. आम्ही दोघं-तिघं गेलो मदतीला, तर म्हणाल्या, ‘राहू द्या, तुम्ही तुमचं शूटिंग करा.’

तो व्हिडिओ माझ्याकडे अजून आहे. अकरा सेकंदांचा. त्यात मावशी एका कोपऱ्यात दिसतात, मी ओरडण्याच्या आधीपासून दिसतात. म्हणजे कॅमेऱ्याला दिसत होत्या, मला नव्हत्या. आणि आवाज ऐकाल तर व्ही१० च्या आधी माझा आवाज आहे.

तरी मी लगेच शहाणा झालो असं नाही. दोन रविवार गेलो नाही, तिसऱ्या रविवारी परत हजर. कारण मनाला समजावणं सोपं असतं: चालवत तो होता, मी थोडाच होतो?

मग १९ मे २०२४ आला. कल्याणी नगर. पहाटे अडीचच्या सुमारास पोर्शे टायकॅनने एका मोटरसायकलला उडवलं. चालवणारा १७ वर्षांचा. मोटरसायकलवरचे दोघेही २४ वर्षांचे, दोघेही इंजिनियर, मध्य प्रदेशातून पुण्यात नोकरीला आलेले. दोघेही गेले. त्यानंतरचं सगळं तुम्हाला पाठ आहे. त्याच दिवशी जामीन, जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध, मग देशभर संताप, मग अटकांची मालिका. गाडीला कायमची नोंदणीच नव्हती. इलेक्ट्रिक म्हणून रोड टॅक्स माफ, राहिले होते ते फक्त १,७५८ रुपये शुल्काचे. कोटींतली गाडी आणि १,७५८ रुपये!

पण मला सांगायचंय ते वेगळंच. त्या रविवारी सकाळी अपघाताचे फोटो आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आले. आणि पहिला प्रश्न काय आला माहितीये? ‘कुठलं व्हेरियंट आहे? ४एस का टर्बो?’ दोन माणसं गेल्याची बातमी त्याच फोटोखाली होती. आणि मी, हा जो तुम्हाला आता उपदेश करतोय तो मी, चाकाची डिझाइन मोठी करून बघत उत्तर टाइप करत होतो. अर्धं टाइप झाल्यावर थांबलो. थांबलो कशामुळे, तर ‘दोघेही आयटी इंजिनियर’ हे शब्द वाचले म्हणून. म्हणजे मेलेला माणूस आपल्यातला निघाला तेव्हा तो मला दिसला. मावशी समोर असून दिसल्या नव्हत्या. याची जास्त लाज वाटते.

आता तुम्ही म्हणाल, त्या रात्री तिथे कोणी गाड्या बघणारा उभा नव्हता, कोणी ‘रेस दे’ म्हटलं नव्हतं, मग तुझा काय संबंध? बरोबर आहे. त्या अपघाताचं खापर मी गाड्या बघणाऱ्यांवर फोडत नाही. त्याला जबाबदार कोण ते कोर्ट ठरवेल. माझं म्हणणं एवढंच, की शहराचा रस्ता म्हणजे आपला स्टेज आहे असं जर गाडीवाल्यांना वाटत असेल, तर त्या स्टेजसमोरच्या खुर्च्या आपण मांडल्यात. नाटकवाला प्रेक्षकांशिवाय प्रयोग लावत नाही.

आता थोडं गणित. अकरावीच्या फिजिक्सपलीकडचं काही नाही. ताशी ४० ने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते, म्हणजे साधारण पीएमपीच्या एका बसएवढी. ताशी १६० ने (कल्याणी नगरच्या बातम्यांत हाच आकडा येत होता) एका सेकंदात ४४ मीटर, म्हणजे एकामागे एक जवळजवळ चार बसेस. आणि एक सेकंद तर समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जायलाच लागतो. त्यानंतर ब्रेक. जगातले उत्तम ब्रेक, कोरडा रस्ता, नवे टायर धरले तरी १६० वरून थांबायला साधारण १०० मीटर लागतात. ४० वरून साडेसहा पुरतात. कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते: वेग चौपट, ऊर्जा सोळापट. वर टायकॅनसारखी गाडी दोन टनांहून जड. थोडक्यात, गाडी कितीही भारी असली तरी कल्याणी नगरच्या चौकात तिला लागणारे दीडशे मीटर तिथे नसतातच. ते जर्मनीत बसलेल्या इंजिनियरच्या हातात नाही.

या विषयावर आमच्यात बरीच भांडणं झाली. त्यातले मुद्दे ठरलेले आहेत, एकेक घेतो.

मुद्दा पहिला: ‘सुपरकारने किती माणसं मरतात? डंपर आणि टँकर बघ की!’ अगदी मान्य. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची आणि साडेएकोणीस टक्के पायी चालणारी. यात लॅम्बोर्गिनीने मेलेली किती असणार? चिमूटभर. पण त्याच आकड्यांत दुसरी गोष्टही आहे. ७० टक्क्यांहून जास्त मृत्यूंचं कारण अतिवेग असं नोंदलंय. आणि एक फरक आहे महाराजा. डंपर जोरात गेला तर आपण त्याला शिव्या घालतो. डंपरसमोर उभं राहून ‘अजून जोरात’ म्हणणारा मी अजून पाहिलेला नाही. एकच गुन्हा, पण एकाला शिवी आणि दुसऱ्याला टाळी, एवढाच तो हिशेब.

मुद्दा दुसरा: ‘तुला परवडत नाही म्हणून जळतोस.’ हे म्हणणारे बहुतेक माझ्याएवढ्याच पगारावर असतात, हा विनोद बाजूला ठेवू. माझ्याकडे २०१६ ची सेकंड हँड पोलो जीटी आहे, इथेच चाकणला बनलेली, आणि तिच्यावर माझं अतोनात प्रेम आहे. उद्या पैसे आले तर मी ९११ घेईन. लपवत नाही. पण हिंजवडीच्या जाममध्ये मी रोज एक गंमत बघतो. बाजूला बीएमडब्ल्यू एम-३४०आय असते, पावणेचारशेच्या आसपास हॉर्सपॉवर, आणि आम्ही दोघंही ताशी सहाने सरकतो. त्यामुळे मत्सराला वाव फार कमी उरतो. :)

मुद्दा तिसरा: ‘अरे, पण आवाज हीच तर मजा आहे!’ इथे मात्र मला इंजिनियर म्हणून राग येतो. इंजिनाचा खरा आवाज त्याच्यावर भार असताना येतो, चढावर, ट्रॅकवर, गिअर बदलताना. उभ्या गाडीला न्यूट्रलमध्ये रेस देणं म्हणजे भीमसेनांच्या गळ्याची परीक्षा त्यांना खाकरायला लावून घेणं. बऱ्याच नव्या गाड्या तर उभ्या असताना कॉम्प्युटर पूर्ण आरपीएम देतच नाही, वर कुलूप असतं. आणि ते सायलेन्सरमधले फटाके, ज्यावर सगळे फिदा, ते बहुतेक वेळा मुद्दाम बसवलेले असतात. ठिणगी उशिरा पाडायची, इंधन सिलिंडरऐवजी एक्झॉस्टमध्ये जाऊन जळतं, फटफट आवाज येतो. म्हणजे इंधन जळायचं तिथे न जळता भलतीकडे जळतंय, आणि आपण म्हणतोय ‘वाऽऽ’. माझ्या भाषेत सांगायचं तर हा बग आहे, फीचर म्हणून विकलाय.

मुद्दा चौथा: ‘बाहेरच्या देशांत बघ, तिथे कसं एन्जॉय करतात.’ बघितलं. २०२३ मध्ये ऑनसाइटला तीन महिने स्टुटगार्टला होतो. पहिल्याच शनिवारी एस-बानने पोर्शेच्या म्युझियमला गेलो, स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच आहे. रस्त्यावरून ९११ अशा जात होत्या जशा आपल्याकडे स्विफ्ट. कोणी मान वळवत नव्हतं, मी सोडून. बाहेर सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. बर्लिनमध्ये फेब्रुवारी २०१६ मध्ये दोघांनी मध्यरात्री भर शहरात शर्यत लावली आणि तिसऱ्याच गाडीतला ६९ वर्षांचा माणूस मेला. कोर्टाने २०१७ साली त्याला चक्क खून म्हटलं. निकाल वरच्या कोर्टात फिरला, खटला पुन्हा चालला, आणि शेवटी २०२० साली एका आरोपीवरचा खुनाचा ठपका कायम झाला. रस्त्यावर शर्यत लावणं हा तिथे २०१७ पासून स्वतंत्र फौजदारी गुन्हा आहे. लंडनचं नाइट्सब्रिज, जिथे उन्हाळ्यात आखाती देशांतून सुपरकार येतात आणि बघ्यांची जत्रा भरते, तिथल्या रहिवाशांनी एवढी बोंब मारली की २०२१ साली आवाज मोजणारे कॅमेरे लावून बघितले. तेव्हा बाहेरच्यांचं उदाहरण द्यायचं तर पूर्ण द्या.

मुद्दा पाचवा, सगळ्यात चलाख: ‘हे पोलिसांचं काम आहे, आपलं नाही.’ पोलिसांचं काम आहेच. कायदाही आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९९अ हे कलम आलं: अल्पवयीन मुलाने गाडीने गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी, ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही. कागदावर यापेक्षा जास्त काय पाहिजे? तरी मे २०२४ झालाच. आणि दोन महिन्यांच्या आत, ७ जुलैला, मुंबईत वरळीला पहाटे मासळी घेऊन स्कूटरवरून घरी चाललेल्या नवरा-बायकोला बीएमडब्ल्यूने उडवलं, त्यात बाई गेल्या. प्रॉडक्शनला बग आला की आम्ही ‘टेस्टिंगचं काम होतं’ म्हणून हात वर करत नाही. निदान करू नये अशी अपेक्षा असते. कोड ज्याने लिहिला त्याचंही काही असतं, आणि ज्याने बघून ‘चालतंय’ म्हटलं त्याचंही असतं. रस्त्याकडेला उभे राहून आपण दर रविवारी ‘चालतंय’ म्हणतोय.

मग करायचं काय? नाद सोडायचा? मी तरी सोडलेला नाही आणि तुम्हालाही सोडा म्हणणार नाही. मला फक्त तीन गोष्टी म्हणायच्यात.

एक, खूण करायची नाही. ‘रेस दे’ नाही, ‘जाऊ दे’ नाही. कोणी स्वतःहून रेस देत असेल तर फोन खाली. त्याला पाहिजे असतं ते आपल्या हातात आहे, ते द्यायचं नाही. या हत्याराला चलान लागत नाही की आमदाराचा फोन येत नाही.

दोन, वेगाचा व्हिडिओ पाहिजेच असेल तर वेगासाठी केलेल्या जागी जा. ग्रेटर नोएडाचा बुद्ध ट्रॅक २०११ पासून आहे, कोइम्बतूर आणि चेन्नईचे त्याहून जुने. आपल्याकडे अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या शर्यती भरत आल्यात. तिकीट काढा, उन्हात उभे राहा, घसा बसेपर्यंत ओरडा. तिथे पाला गोळा करणाऱ्या मावशी नसतात.

तीन, कौतुक कोणाचं करतोय ते ठरवा. गाडी बनवणाऱ्याचं करा, जुळवणाऱ्याचं करा, डिझाइनरचं करा. पेडल दाबायला काय लागतं? माझा सहा वर्षांचा भाचा दाबेल.

गेल्या रविवारची गोष्ट सांगून थांबतो. हिरवट रंगाची जीटी३ आली, सिग्नलला थांबली. शेजारी बाबांबरोबर एक दहा-बारा वर्षांचा मुलगा उभा होता. मला म्हणाला, ‘काका, त्यांना रेस द्यायला सांगा ना!’ (काका!! असो.) जीभ क्षणभर वळली होती, खोटं कशाला बोलू. मग त्याला म्हटलं, रेस राहू दे, चाकाच्या आत बघ. पिवळं काहीतरी दिसतंय ना? ते ब्रेक आहेत. पोर्शेवर पिवळा रंग म्हणजे सिरॅमिकचे ब्रेक, लाखो रुपयांचे. एवढं जोरात जाणारं इंजिन ज्यांनी बनवलं, त्यांनीच गाडी थांबवण्यासाठी केवढा खटाटोप केलाय बघ.

पोरगं खाली वाकून बघायला लागलं. सिग्नल सुटला. समोरून एक आजोबा अजून रस्ता ओलांडत होते. जीटी३ त्यांच्यासाठी थांबून राहिली, मग पहिल्या गिअरमध्ये निवांत निघून गेली. आमच्यापैकी कोणीही व्हिडिओ काढला नव्हता.